कडी लावून घेतलेला तास

"मावशी, आई गेली," रोहिणी फोनवर म्हणाली, आणि मी विचारलं, "कुठे?"

काही आठवडे झाले त्याला, पण तो प्रश्न आठवला की अजून कानशिलं तापतात. खरं सांगायचं तर तेव्हा मला तसंच वाटलं होतं. कुंदा 'जरा बदल' म्हणून लेकीकडे हडपसरला गेली होती, आणि तिथे ती स्वतःच्या नव्या क्लाससाठी जागा शोधत फिरतेय याची माझी खात्री होती. रोहिणी रडायला लागली... तेव्हा कुठे मला कळलं.

कुंदा आणि मी एकाच शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर शनिवार पेठेत, एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर, दोघींनी मिळून इंग्रजी संभाषणाचा क्लास सुरू केला. वाटणी पहिल्या दिवशीच झाली होती. व्याकरणातले काळ माझ्याकडे, कॅन, कुड, मे, मस्ट, शुड ही साहाय्यकारी क्रियापदांची फौज तिच्याकडे. माझ्या तासाला दार सताड उघडं असायचं, कुणीही यावं आणि ऐकावं. कुंदा मात्र आत गेली की कडी लावून घ्यायची, ऐन वैशाखातसुद्धा. आतून हसण्याचा गलका यायचा, मग एकदम शांतता, आणि तास सुटला की एखादी बाई डोळे पुसत जिना उतरायची. मस्ट आणि शुडमधला फरक कळल्यावर कुणाला रडू आल्याचं मी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी लपवत नाही. भाजीवाल्याचा काटा, रिक्षाचा मीटर, शेजाऱ्यांचं अचानक गोड बोलणं, यातलं काहीच मी तपासल्याशिवाय सोडत नाही. मग हे कसं सोडणार? माझा भाग संपला तरी कुंदाचा संपायचा नाही. हडपसरहून दोन बस बदलून येणारी मुलंमुली तिच्याच तासाला जास्त. मी दार वाजवलं की आत सगळे चिडीचूप. त्यात गेल्या वर्षापासून ती आठवड्याच्या मधल्या वारीही हडपसरला जायला लागली, विचारलं तर "काम होतं" एवढंच. बारीकही झाली होती. दोन ठिकाणी क्लास चालवायचे म्हटल्यावर माणूस बारीक होणारच, असं मी मनाशी म्हटलं.

एकदा सरळ विचारलंच. "कुंदा, खरं सांग, हडपसरला क्लास काढतेयस ना?"

"काढला असता तर तुला नोकरीवर ठेवलं असतं," ती म्हणाली. "दाराशी बसवलं असतं. आत कोण येतंय, कोण जातंय, तुझ्याइतकं कुणी बघणार नाही."

हसले मी, पण समाधान झालं नाही.

आमची शेवटची भेट त्याच जिन्यावरची. दुसऱ्या दिवशी ती लेकीकडे जाणार होती. चपला घालायला म्हणून खालच्या पायरीवर टेकली ती उठेचना. छापखान्यातलं यंत्र धडधडत होतं. "सुलभा, तुला एक सांगायचंय..." ती म्हणाली.

"सांग. मला सगळं माहितीये," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग ओळखीचं, एका बाजूने ओठ मुडपून हसली. "मग राहू दे," म्हणाली, आणि कठड्याला धरून उठली. मला वाटलं, चोरी पकडली गेली.

तिच्या तेराव्यानंतर क्लास पुन्हा सुरू केला. तिची तुकडी मीच घ्यायला बसले आणि आधी विचारलं, इतके दिवस या खोलीत काय चाललं होतं? सगळे दाराकडे बघायला लागले. शेवटी कोमल उठली. ती हडपसरच्या एका आयटी कंपनीत कामाला आहे.

"मॅडम, खोलीतलं बाहेर न्यायचं नाही असं ठरलंय."

"आपण खोलीतच आहोत."

"दार लावू का?"

"राहू दे उघडं. बोल."

मग तिने सांगितलं. कुंदा म्हणायची, ही क्रियापदं पुस्तकातून येत नाहीत. माणसाला काही मागायचं असेल, नाकारायचं असेल, तरच येतात. म्हणून दोन खुर्च्या समोरासमोर. एकीवर बोलणारा, दुसरीवर ऐकणारा. जे वाक्य घरी किंवा ऑफिसात मराठीत तोंडातून फुटत नाही, ते इथे आधी इंग्रजीत म्हणायचं. समोरचा कुणाचा सासरा व्हायचा, कुणाचा साहेब. कोमलने इथे वर्षभर "आय कॅनॉट मॅरी हिम" म्हटलं, मग एकदा घरी जाऊन मराठीत सांगितलं.

"आणि कुंदामॅडम?" मी विचारलं. "त्या नुसत्याच बसायच्या?"

कोमलने खाली बघितलं. "त्यांचं पण एक वाक्य होतं. त्यांना हडपसरला उपचार सुरू होते ना... ते तुम्हाला सांगायचं होतं. आम्ही पाळीपाळीने तुम्ही व्हायचो."

"मी?"

"चष्मा असा नाकावर घ्यायचा आणि म्हणायचं, खरं सांग, हडपसरला क्लास काढतेयस ना? मॅडमना इतकं हसू यायचं की वाक्य राहूनच जायचं."

मला राग आला. अजूनही आहे. सगळ्या तुकडीला माहीत, आणि मला नाही! म्हणजे दाराआड माझ्याबद्दल काहीतरी शिजतंय हा माझा संशय अगदी खरा होता... पण खरा ठरल्याचा एवढा त्रास मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

मी दोन्ही खुर्च्या समोरासमोर ओढल्या. ऐकणाऱ्याच्या खुर्चीत बसले. "तू कुंदा हो," कोमलला म्हटलं. "म्हण ते वाक्य."

ती पदराशी... नाही, ओढणीशी चाळा करत राहिली. पदराशी चाळा करायची कुंदाची सवय माझ्या डोळ्यांपुढे होती. मग हळूच म्हणाली, "सुलभा, आय मे नॉट कम बॅक. यू मस्ट टेक माय बॅच."

सगळी तुकडी माझ्याकडे बघत होती. माझं वाक्य सगळ्यांना पाठ होतं. चष्मा नाकावर घसरला होता, तो मी वर सरकवला.

"आय विल," मी म्हणाले.

आणि उठून आधी दाराची कडी लावली. छापखान्यातली माणसं जिन्यात चहा पीत उभी असतात. माझा कुणावर विश्वास नाही.