हौसावहिनी आणि कुंदाताईंचा खिसा

हौसावहिनी बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, त्याच्या कपड्यांकडे बघत. नुसतं बघून त्यांचं भागत नसे. बाहीचा काठ दोन बोटांत धरून त्या चुरगळून पाहत. निवृत्तीनंतर मी खालापुरात त्यांच्या शेजारी राहायला आलो, त्या दिवशी सामानाचा टेंपो दारात उभा असतानाच त्यांनी माझी बाही अशी धरली आणि विचारलं, "भावजी, ह्यो शर्ट अजून किती दिस घालनार तुमी?" मला वाटलं, शर्ट पसंत पडला नाही. माझी बायको मंगल पुढे होऊन म्हणाली, "दोन वर्षं तरी काढेल." "मंग ठीक हाय. फाटला की दुसऱ्या कुनाला देऊ नका. मी आधी सांगून ठेवते."

असे सांगून ठेवलेले कपडे गावभर हिंडत होते. तहसील कचेरीतल्या शिपायाची खाकी पँट, देवळाच्या पुजाऱ्याचं उपरणं, एका नवरीच्या मावशीचा शालू. तो शालू तर मावशीने त्या लग्नात पहिल्यांदाच नेसला होता. मयताच्या घरीही त्यांचा नियम ठरलेला असे. "धाव्यापातुर तोंड उघडू नये. अकराव्याला मागावं. त्याच्या म्होरं गेलं तर बोहारीन नेती." जगात त्यांचं वैर एकाच जमातीशी होतं, ते म्हणजे बोहारणींशी. स्टीलच्या एका डब्यासाठी लोक आजीचं लुगडं देऊन टाकतात, हे सांगताना त्यांचा आवाज अजूनही कापायचा.

कारण वहिनी गोधड्या शिवत. विकायला नाही. ज्याच्या घरी पाळणा हलेल, ज्याची पोर सासरी जाईल, जो कुणी थंडीत कुडकुडताना दिसेल, त्याला गोधडी. दुकानातून नवं कापड आणून शिवा म्हटलं की त्या कानावर हात ठेवत. "नव्या कापडाची गोधडी म्हंजी चादर. नवं कापड कुनाला वळखत नाय भावजी."

त्यांचं मशीन पायाने चालवायचं, काळं, लग्नानंतर त्यांच्या यजमानांनी घेतलेलं. यजमान माझ्याच कारखान्यात होते, खोपोलीला, दुसऱ्या खात्यात. ते गेले, मशीन राहिलं, आणि यजमानांचा सगळा लहरी स्वभाव जणू त्यात उतरला. दोरा तुटे, टाके सुटत, पट्टा घसरे, मधेच चाक उलटं फिरे. पण वहिनी त्याला नावं ठेवू देत नसत. "आज पावने हायती ना घरात, लाजती ती," म्हणत. नाहीतर, "कालपासून तिला पॉलिस्टर घातलं, पोट बिघडलं तिचं." आणि काही झालं तरी काम सुरू करण्याआधी एका चिंधीवर चार बोटं शिवून पाहायची. "आधी चिंधी, मंग कापड. तिच्या मनात काय हाय ते चिंधीवर कळतं."

मी तीस वर्षं मेंटेनन्सला फिटर होतो. माणसापेक्षा उंच यंत्रं मी उघडून परत जोडली आहेत. भिंतीपलीकडे ते मशीन दिवसभर ठेचकाळत चाललेलं ऐकून माझ्या हातांना कंड सुटायची. पण वहिनी हात लावू देत नसत. "तुमचे हात मोठ्या मशीनचे, भावजी. ह्ये बाईमानसाचं हाय." खोपोलीहून त्यांचा ठरलेला कारागीर यायचा, तोच तिला हात लावणार. हा अपमान मी गिळत होतो.

दोन वर्षांपूर्वी सुनेने त्यांना मोबाईल दिला आणि त्यांना महाराष्ट्रभर बहिणी फुटल्या. 'टाक्यावर टाका' नावाचा गोधडीवाल्या बायकांचा ग्रुप होता. बाराजणी. नांदेडच्या एक शिक्षिका, मस्कतला राहणारी लता, सांगलीच्या कुंदाताई आणि अशाच आणखी. एकमेकींना प्रत्यक्षात कुणीही भेटलेलं नाही. वहिनींना टाइप करता येत नसे, म्हणून त्या आवाज पाठवत, आणि सांगली लांब असल्यामुळे मोठ्याने बोलत. त्यामुळे ग्रुपमध्ये नसूनही मला सगळा ग्रुप पाठ झाला. एकदा मस्कतची लता विचारताना ऐकू आली, "हौसाताई, शेजारच्या भावजींचं मूळव्याधीचं ऑपरेशन झालं का?" तेव्हा मला कळलं की माझ्याही बातम्या आखातापर्यंत पोचतात. मी दोन दिवस बोललो नाही. वहिनींना ते कळलंच नाही.

रोज चार वाजता सगळ्याजणी व्हिडिओवर जमायच्या आणि शिवता शिवता बोलायच्या. एकदा वहिनींनी जमिनीवर साड्यांचे थर अंथरायला घेतले होते. चुणी काढायला हात मोकळा हवा म्हणून मोबाईल खाली ठेवला, त्यावरून पुढची साडी पसरली, तिच्यावर आणखी दोन, आणि चारी बाजूंनी टाके घालून टाकले. बोलणं चालूच होतं. "ताई, तुमच्याकडे लाईट गेली का? काहीच दिसत नाही." "लाईट हाय की. तुमचंच काय तरी बिगडलंय." असा अर्धा तास गेला. मग कुंदाताईंचा शांत आवाज आला, "हौसाताई, तुम्ही आम्हाला शिवलंत."

उसवायला वहिनी तयार होईनात. "आख्ख्या दुपारचं काम हाय माझं!" शेवटी एका कोपऱ्यात वीतभर टाके काढले. मी आणि मंगलने गोधडी दोन्ही बाजूंनी धरून झटकली, तेव्हा मोबाईल घसरत घसरत बाहेर आला. आत अकरा बायका पोट धरून हसत होत्या. कुंदाताई मात्र ग्रुपमध्ये एवढंच बोलायच्या, महिन्यातून एखादं वाक्य. पण वहिनींचा सगळ्यात जास्त जीव त्यांच्यावरच होता. "बोलत नाय, पन टाका बघा तिचा. आसं सरळ मानूस कुटं ऱ्हायलंय?"

मग बाराजणींच्या गोधडीचं ठरलं. प्रत्येकीने आपल्या माणसाच्या कपड्याचा वीतभर तुकडा पाठवायचा, एकीने ते सगळे जोडायचे, आणि ती गोधडी प्रत्येकीच्या घरी एकेक महिना राहायची. चिठ्ठी काढली, ती वहिनींच्या नावाची निघाली. त्या दिवशी त्यांनी आमच्याकडे साखर वाटली.

पाकिटं येऊ लागली. लताने वडिलांच्या लुंगीचा तुकडा पाठवला, नांदेडच्या बाईंनी आईच्या नऊवारीचा काठ. कुंदाताईंच्या पाकिटात निळ्या चौकड्यांच्या शर्टाचा एक खिसा होता आणि सोबत चिठ्ठी. मंगलने ती वाचून दाखवली. "हौसाताई, ह्यांचे सगळे कपडे तेराव्यालाच पाहुण्यांनी वाटून टाकले. हा खिसा उसवला होता, म्हणून शिवायला काढून ठेवलेला. तेवढाच राहिला. जपून." वहिनींनी खिसा उचलून देव्हाऱ्यात नेऊन ठेवला.

बरेचसे तुकडे जोडून झाले होते, आणि नेमकं त्याच आठवड्यात मशीन बसलं. चाक हलेना. खोपोलीचा कारागीर भाताच्या कापणीला गावी गेलेला. ग्रुपला गोधडी दाखवायचा ठरलेला दिवस जवळ आलेला. वहिनी दोन दिवस मशीनला समजावत होत्या, तिसऱ्या दिवशी आमच्या दारात आल्या. मी त्यांना तोंड उघडू दिलं नाही. पान्यांची पेटी आधीच हातात होती.

मी मशीन उघडलं. आत कित्येक वर्षांचा कापूस, चिमणीचं घरटं होईल एवढा. सगळं साफ केलं, पुसलं, जोडलं. आणि मग कारखान्यातून निवृत्त होताना जपून आणलेली माझी बाटली काढली. दाट, मधासारखं तेल. वहिनींनी विचारलं, "मशीनला ह्येच घालत्यात ना?" मी म्हणालो, "वहिनी, ह्या तेलावर अख्खा कारखाना चालायचा." सांध्यासांध्यात सढळ हाताने ओतलं. पायडल दाबलं आणि ते मशीन असं पळालं की मंगलसुद्धा 'अहो!' म्हणाली.

सवयीप्रमाणे वहिनींनी चिंधी उचलली. आणि मी, देवा, मी म्हणालो, "चिंधी कशाला? मी दुरुस्त केलेलं यंत्र तीस वर्षांत कुणाला तपासून घ्यावं लागलं नाही." त्यांनी क्षणभर चिंधीकडे पाहिलं, क्षणभर माझ्याकडे. शेजाऱ्याचं मन मोडू नये म्हणून त्यांनी चिंधी खाली ठेवली. देव्हाऱ्यातून खिसा आणला. "पयला मान ह्याचा."

तीन बोटं शिवण सुंदर झाली. मग सुईच्या दांडीवरून एक काळा थेंब ओघळला, खिशाच्या बरोबर मध्यावर. वहिनी "आगं आगं" म्हणेपर्यंत झिजलेलं कापड सुईबरोबर खाली ओढलं गेलं, मशीनने ते दातांत धरलं आणि टर्रकन आवाज झाला. आम्ही खिसा सोडवून घेतला. कोपऱ्यापासून निम्म्यापर्यंत फाटलेला, आणि मधे रुपयाएवढा डाग.

वहिनींनी खिसा उचलून परत देव्हाऱ्यात ठेवला. मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी खोपोलीची सगळी कापडाची दुकानं पालथी घातली, मग कर्जत गाठलं. तिथे एका दुकानात तसाच निळ्या चौकड्यांचा कपडा मिळाला. हुबेहूब. मी तो वहिनींपुढे ठेवला आणि म्हणालो, "चार वेळा धुवू, उन्हात टाकू. कुणाला कळणार आहे?" वहिनींनी तो दोन बोटांत चुरगळून पाहिला. "कुंदाला नाय कळनार. पन मला कळंल ना. ती महिनाभर ह्ये पांघरून झोपनार, दुकानातलं कापड नवरा समजून. आसं पाप मी कुनाच्या अंगावर घालनार नाय."

त्यांनी फोन लावला. बोलताना त्यांचा आवाज बारीक होता, इतका की शेजारी बसूनही मला कान द्यावा लागला. "कुंदा, तुजा खिसा माज्या हातून फाटला गं. डाग बी पडला."

माझ्या हातून, असं त्या म्हणाल्या. आमच्या कारखान्यात काही मोडलं की आधी ते कुणाच्या शिफ्टला मोडलं हे ठरायचं, दुरुस्ती मग. मी स्वतः कितीदा सकाळचं पाप दुपारच्या पाळीवर ढकललं आहे. ह्या बाईने माझं पाप न मागता आपल्या अंगावर घेतलं. मला माझीच शरम वाटली. मी मोबाईल ओढून घेतला आणि ओरडलोच, "ताई, त्यांचा काही दोष नाही. मशीनमध्ये तेल मी घातलं. चिंधीवर बघू नका असंही मीच म्हणालो."

पलीकडून कुंदाताई म्हणाल्या, "मला आत्ता बोलवत नाही." आणि फोन बंद.

चार दिवस ग्रुपमध्ये कुणी काही बोललं नाही. चार वाजता वहिनी मोबाईल समोर ठेवून नुसत्या बसायच्या. मशीनवर त्यांनी धुतलेली साडी पांघरली होती. भिंतीपलीकडून आवाज नाही म्हणून मला दुपारची झोप लागेना. ज्या आवाजाला मी दोन वर्षं शिव्या घातल्या, तो यावा म्हणून मी कान लावून पडायचो. मंगल रोज म्हणायची, "जा, माफी मागा." रोज जाऊन मागायचो. वहिनी म्हणायच्या, "तुमी मागून काय उपेग? तिची मैत्री गेली माजी, भावजी. बारा बायकांत तीच गेली."

पाचव्या दिवशी कुंदाताईंचा आवाज आला. दोनच वाक्यं. "डाग धुतला का? धुतला नसेल तर धुवू नका, मी येते."

खालापूरच्या नाक्यावर एसटीतून एक उंच, सडपातळ बाई उतरल्या. हातात कापडी पिशवी. दोघी पहिल्यांदाच समोरासमोर आल्या, पण वहिनींना पुढे व्हायचा धीर होईना. घरी आल्यावर पाण्याचा पेला पुढे केला, तर कुंदाताई म्हणाल्या, "आधी दाखवा." वहिनींनी खिसा आणून हातावर ठेवला. कुंदाताईंनी तो उलटसुलट पाहिला, फाटलेल्या जागी बोट फिरवलं, आणि नाकाशी नेला. कितीतरी वेळ त्या तशाच उभ्या होत्या.

"गिअरचं तेल आहे हे," त्या म्हणाल्या. "शिवणाच्या मशीनला हे कुणी घातलं?"

मी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

"घालत नाहीत हे. पातळ लागतं तिला. एवढंही ठाऊक नाही?" तीस वर्षांत माझ्या साहेबाने मला असं झापलं नव्हतं, आणि मला ते इतकं बरं वाटलं. मग त्या वहिनींकडे वळल्या. "आमचे हे ट्रक दुरुस्त करायचे. डाग नाही असा एकही शर्ट कधी घरी आला नाही. जन्मभर मी त्यावरून भांडले. ते गेल्यावर हा खिसा मी घासून घासून धुतला, स्वच्छ केला. आणि मग रोज नाकाला लावायची, तर साबणाचा वास."

त्या रडल्या नाहीत. वहिनी रडल्या, चांगल्या मोठ्याने, सांगलीला ऐकू जाईल एवढ्या. मंगलही रडली. मला चष्मा पुसायचं काम निघालं.

वहिनींनी डोळे पुसले आणि सुईत दोरा ओवला. मशीनकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. फाटलेल्या जागी त्यांनी बारीक धावदोरा घातला, मग विचारलं, "कुटं लावू?" "मधोमध," कुंदाताई म्हणाल्या. वहिनींनी खिसा गोधडीच्या मध्यावर धरला आणि खालून, डावीकडून, उजवीकडून शिवला. वरची बाजू राहिली. मी न राहवून म्हणालो, "वहिनी, वरून शिवायचं राहिलं."

"राह्यलं न्हाय. खिसा हाय तो, भावजी. खिशाला तोंड पायजे."

कुंदाताईंनी त्यात दोन बोटं घातली. चहा आला, निवला, मंगलने पुन्हा गरम करून आणला, तरी त्यांनी ती बाहेर काढली नव्हती.