सुतारकाका फळीला लटकले

दोस्तहो, आज पवनीत आत्याच्या घरी झाडांसाठी भिंतीवर लाकडी फळी ठोकली. डिझाइन माझंच. मधातच घाटावर नावा पाहायला गेलो, म्हणून सकाळचं काम दुपारपर्यंत लांबलं.

आत्याचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. तिथल्या अंगणातली पानफुटीची एकच कुंडी तिनं जपून आणली आहे. तीच या फळीवर ठेवायची होती.

मी कुंडी उचलतच होतो, तेवढ्यात शेजारचे म्हातारे सुतारकाका आले.

"कोरड्या कुंडीचा अंदाज धरला का बे? पाणी पिल्यावर किती जड होते ते?"

आत्या म्हणाली, "याले नुसतं भटकताच येते!"

काकांनी माझे खिळे उपटले. बोटानं भिंत वाजवत पक्क्या विटेची जागा शोधली अन् सागवानाचे आधार बसवले. मग सत्तरीतला तो माणूस दोन्ही हातांनी फळीला चक्क लटकला! पाय जमिनीवरून वर. फळी हललीसुद्धा नाही.

खाली उतरून ते आत्याला म्हणाले, "ठेव आता तुझं गाव, बाई."

मी अजून त्या फळीकडेच पाहून राहिलो. दुसऱ्याच्या कुंडीसाठी असं स्वतः लटकून पाहणारं माणूस तुम्हाला कधी भेटलं का?