कमळाकर भावजी वाजवत का नाहीत

आधीच सांगून ठेवते, त्या माणसाची बाजू घेऊन मला कोणी समजवायला येऊ नये. मी अंगणवाडी चालवते. दिवसभर लोकांच्या पोरांची समजूत घालते, मला समजूत घालून घ्यायची सवय नाही. कमळाकर भावजींनी बेंजो सोडला हे पनवेलच्या आमच्या कोळीवाड्यात कोणालाच पटलं नव्हतं. बाकीचे हळहळून गप्प बसले, मी बसले नाही, एवढंच.

ते काही माझे सख्खे दीर नव्हेत. आमच्या आळीतले, म्हणून आळीतल्या सगळ्या सुनांचे भावजी. तळोज्याच्या एका कारखान्यात पाळी करायचे आणि लग्नसराईत स्वतःची बेंजो पार्टी घेऊन हळदीला वाजवायचे. अंगाने किरकोळ, बोलायला त्याहून किरकोळ. मांडवाच्या कोपऱ्यात खुर्ची टाकायची, बेंजो समोर घ्यायचा आणि मान खाली घालायची, ती हळद संपल्यावरच वर यायची. पण एकदा त्यांनी तार छेडली की ज्यांना दुपारी जिना चढवत नव्हता त्या म्हाताऱ्या पदर खोचून उभ्या राहायच्या. एक गत संपली की सगळा मांडव ओरडायचा, "भावजी, परत!" आणि भावजी मान वर न करता परत सुरू करायचे. सगळ्यात मोठा आवाज माझा असायचा, हे माझा नवरा अजून चारचौघांत सांगतो.

आमच्याकडे लग्न ठरलं की मुहूर्त काढायच्या आधी भावजींना विचारायचे, कुठला दिवस मोकळा आहे. मग भटजींना सांगायचं, याच दिवसाचा काढा. भटजी कुरकुरायचे आणि काढायचे.

दोन हजार आठच्या सुमारास त्यांचा कारखाना बंद पडला. भावजींनी आणि त्यांच्या बायकोने, सुमतीने, उरण रोडला खानावळ टाकली. न्हावा शेव्याला जाणारे ट्रेलरवाले जेवायला थांबायचे. आम्ही खूश झालो. म्हटलं, आता पाळीची कटकट नाही, मनसोक्त वाजवतील. कुठलं काय. पहिल्या लग्नसराईत म्हणाले, अंगात कणकण आहे. दुसऱ्या वेळी, खानावळीत माणूस नाही. तिसऱ्या वेळी कारण सांगायचंही सोडून दिलं. "नाय वाजवत आता," एवढंच.

मग काय, आळीला विषयच मिळाला. कोणी म्हणे बोटं आखडली. कोणी म्हणे डीजेवाल्यांनी त्यांना गप्प बसवलं. कोणी म्हणे नजर लागली, आणि नजर कोणाची यावरून दोन घरांत बोलणं बंद झालं. त्यांच्या पार्टीतला ढोलकीवाला भगवान तर घरातलं कोणी गेल्यासारखा फिरायचा. भावजींनी बेंजो त्याच्याकडे ठेवायला दिला होता. तो त्याने बायकोच्या जुन्या साडीत गुंडाळून कपाटावर ठेवला होता.

आम्ही खानावळीत जाऊन बसायला लागलो. वाटायचं, समोर दिसत राहिलो तर कधीतरी लाजेकाजेस्तव तरी हो म्हणतील. भावजी बोंबील तळून आणायचे, कोलंबीचं कालवण आणायचे, भाकरी गरमागरम. आणि जेवण इतकं चांगलं असायचं की माझा जीव जळायचा. भाकऱ्या करपल्या असत्या, कालवण पाणचट झालं असतं, तर म्हणता आलं असतं, बघा, हे तुमचं काम नव्हे. तसं म्हणायची सोयच त्या माणसाने ठेवली नाही. मी एकदा सरळ विचारलं, "भावजी, कधी वाजवणार?" तर म्हणाले, "वैनी, कालवन घ्या अजून." आणि मी घेतलं.

दोन हजार तेराला माझ्या मोनालीचं लग्न ठरलं. माझ्या हळदीला भावजी वाजवायला होते, तर माझ्या मुलीच्या हळदीला नसतील असं होणारच नाही, असं मी आळीभर सांगून टाकलं. डीजे ठरवला नाही. दुसरी पार्टीही ठरवली नाही. म्हटलं, मांडव मुका पडलेला त्यांना बघवणार नाही. मोनाली संतापली. "आई, हळद माझी आहे, तुझी नाही. उरणहून सासरची माणसं येणार, ऑफिसातल्या मैत्रिणी येणार. त्यांनी काय एकमेकींची तोंडं बघायची?" मी म्हटलं, तू बघच. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

माझा बेत साधा होता. हळदीच्या जेवणाची ऑर्डर भावजींना दिली, म्हणजे ते मांडवात येणार हे नक्की. भगवानकडून बेंजो आणून कोपऱ्यात खुर्चीसमोर, अगदी जुन्या जागी मांडला. हार घालणार होते, भगवानच नको म्हणाला.

हळदीच्या संध्याकाळी भावजी मटणाची पातेली घेऊन आले. बेंजो बघितला. हात पुसून जवळ गेले, पट्ट्यांवरून बोट फिरवलं. आळीतल्या बायका माना उंचावून बघायला लागल्या. मग त्यांनी तो अलगद उचलला आणि माझ्या हातात दिला. "वैनी, ह्यो आत ठेवा. रस्सा सांडंल."

हळद लावून झाली. आळीतल्या म्हाताऱ्या गंगाबाईने परंपरेची गाणी म्हटली, तीही संपली. आता नाचायची वेळ, आणि मांडवात पंख्याचा आवाज. उरणची माणसं खुर्च्यांवर हात बांधून बसलेली. हळदीने माखलेली माझी पोर माझ्याकडे नुसती बघत होती.

मी तरातरा चुलाणापाशी गेले. म्हटलं, "भावजी, पाया पडू का? माझ्या हट्टापायी पोरीची हळद मुकी चालली आहे. बोटं दुखतात का? कोणी काही बोललं का? एवढं आमचं काय चुकलं?"

भावजींनी झाकण ठेवलं. एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "कोन कायपन बोल्ला नाय. बोटं ठणठणीत हायेत. वैनी, तुमच्या हळदीला मी वाजवलं, पन तुमी कंच्या साडीत व्हता ते मला ठाव नाय. बोटं चुकतील म्हनून मी कंदी मान वर केली नाय. लोक सांगतात, कोळीवाडा काय नाचतो. मी नाय बगितला. आता वाढतो तवा मानसाचं तोंड दिसतं. पयला घास घेतला का ते कसं होतं, ते मी उभा राहून बगतो. मला ते लय आवडतं, वैनी. आता परत मान खाली घालाला सांगू नका."

इतकी वर्षं आम्ही त्या माणसाकडे परत, परत म्हणून मागत राहिलो आणि त्याला काय हवं ते एकदाही विचारलं नाही. मला माझाच राग आला. मी म्हटलं, "राहू दे भावजी. तुम्ही वाढा." आणि मोनालीची माफी मागायला मांडवात वळले.

तेवढ्यात बेंजो वाजला.

मी गर्रकन वळले. बघते तर भावजी मागेच उभे, हातात पळी, तेही चकित. आवाज मांडववाल्याच्या स्पीकरमधून येत होता. मोनालीने आपला मोबाईल त्याला जोडला होता. तिच्या मावशीच्या हळदीची व्हिडिओ सीडी होती, त्यातलं भावजींचं वाजवणं तिने कधीतरी मोबाईलमध्ये घेऊन ठेवलं होतं. मला म्हणाली, "तुझा भरवसा नव्हता, म्हणून." आणि स्वतःच नाचायला लागली.

मग कोण थांबतंय? बायका उठल्या, उरणची माणसं उठली, भगवानने कुठूनशी ढोलकी पैदा केली. गंगाबाई गुडघा धरून उठली आणि गुडघा सोडून नाचली. मीही पदर खोचला. माझा राग, लाज, सगळं पायांतून निघून चाललं होतं. रेकॉर्डिंगमध्ये मधेच माझाच तरुण आवाज आला, "भावजी, परत!" आणि सगळे हसले.

भावजी मांडवाच्या खांबापाशी आले होते. मान वर. एकेकाकडे बघत होते, ओळखीच्या माणसांना पहिल्यांदा बघावं तसे. माझ्यावर नजर आली तेव्हा म्हणाले, "वैनी, तुमी अशा नाचता?"

"अशीच नाचते," मी म्हटलं. "पहिल्यापासून." मला रडू आवरेना, पण पाय थांबले नाहीत.

गत संपली. मांडवात सगळे धापा टाकत उभे. मला ओरडायचं होतं, पण दम लागला होता.

तेवढ्यात खांबापासून आवाज आला. "मोनाली," कमळाकर भावजी म्हणाले, "परत लाव गो."