आपाचा फोटो भिंतीवर

माझी मुलगी दुबईतच वाढली आणि शाळेत बेसबॉल खेळायला लागली. पालकांनी नुसतं बाहेर बसून बघू नये, मैदानात उतरावं, असा तिच्या क्लबचा आग्रह होता. त्यामुळे देरा भागातल्या एका शिपिंग ऑफिसात दिवसभर खुर्चीला चिकटलेला मी सुट्टीच्या दिवशी सकाळी अल क्वोज या गोदामांच्या वस्तीपलीकडच्या भाड्याच्या मैदानावर हातमोजा घालून उभा राहू लागलो. मला अर्थातच सगळ्यात लांब उभं केलं होतं, जिथे चेंडू क्वचितच पोचतो.

पहिल्याच सामन्यात तो पोचला. मी पुढे धावलो, आणि त्या अमेरिकन-जपानी-फिलिपिनो गर्दीतून खणखणीत मराठी ऐकू आलं, "अहो, मागे जा, मागे. डोक्यावरून जातोय."

चेंडू डोक्यावरून गेलाच. ओरडणारी बाई फलंदाजाच्या मागे बसली होती. तोंडावर जाळीचा मास्क, छातीला आणि नडग्यांना पॅड. मास्क वर सरकवून ती म्हणाली, "नवीन आहात. चालायचंच."

तिला सगळे आपा म्हणत. रायगडातल्या खाडीकाठच्या मुसलमान घरातली. कॉलेजात सरांनी क्रीडा गुणांच्या आशेवर मुलींचा बेसबॉल संघ उभा केला. कॅचर व्हायला कुणी तयार होईना, म्हणून हिला बसवलं. तिथून ती विद्यापीठाकडून आणि पुढे राज्याकडून खेळली. लग्न होऊन दुबईला आली, नवऱ्याबरोबर मसाल्याचा धंदा वाढवला, आणि दोन मुलं शाळेत जायला लागल्यावर पुन्हा पॅड बांधले.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॅचर म्हणजे क्रिकेटमधला यष्टिरक्षक समजा, पण त्याला उकिडवं बसून राहावं लागतं. पिचर फेकेल तो प्रत्येक चेंडू त्याच्याकडे येतो. कुठे फेकायचा हेही बऱ्याचदा तोच खुणेने सांगतो. मैदानावर सगळे एका दिशेला तोंड करून उभे असतात आणि तो एकटा उलट दिशेला बघत बसतो.

आपा काही हंगाम आमच्याकडून खेळली. मग गुडघे बोलायला लागले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आणि तिने एका हंगामाच्या शेवटी पॅड उतरवले. खलास म्हणाली, आणि खरोखरच खलास केलं.

त्यानंतर काही वर्षांनी क्लबच्या अध्यक्षांनी, जे अमेरिकन इंजिनिअर आहेत, हॉल ऑफ फेमची कल्पना काढली. अल क्वोजमधल्या एका गोदामात आमचा इनडोअर सराव चालतो. तिथल्या एका भिंतीवर निवृत्त खेळाडूंचे फोटो लावायचे. समितीतल्या तीन चतुर्थांश लोकांनी होकार द्यायला हवा. समितीत मी होतो आणि आपाचं नाव मीच मांडलं.

विरोध झाला तो एका मराठी माणसाकडून. हे गृहस्थ पुण्याचे, विमा क्षेत्रात जोखमीची आकडेमोड करणारे, आणि बेसबॉलचे खरे अभ्यासक. त्यांच्याशी माझं चांगलं जमायचं. बर दुबई भागातल्या एका उपाहारगृहात वरच्या मजल्यावर आमची बैठक बसली होती. चहा आला, समोसे आले, आणि ते शांतपणे म्हणाले, "आपांबद्दल मला आदर आहे. पण हा सत्कार नाही, हॉल ऑफ फेम आहे. बॅटिंग सामान्य. सामान्यही नाही, खराब. हंगाम कमी. आपण पहिल्याच वर्षी निकष सैल केले तर त्या भिंतीला पुढे कोण विचारेल?"

मी त्यांना एका सामन्याची आठवण करून दिली. शेवटचा डाव होता, आम्ही एका धावेने पुढे, आणि प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शेवटच्या बेसवर, म्हणजे धाव पुरी व्हायच्या एकच टप्पा अलीकडे, टपून बसलेला. आमची पिचर एक तरुण फिलिपिनो नर्स, थकलेली. तिचा चेंडू फलंदाजाच्या अलीकडे मातीत आपटला आणि वेडावाकडा उसळला. तो मागे गेला असता तर धाव नक्की होती. आपाने तो हाताने धरायचा प्रयत्नच केला नाही. ती अख्खीच्या अख्खी चेंडूच्या आड पडली. चेंडू तिच्या गळ्याच्या हाडावर लागून समोरच थबकला. टपलेला खेळाडू जागेवरच राहिला. पुढच्या चेंडूवर आम्ही जिंकलो. आपाला आठवडाभर मान वळवता येत नव्हती.

"त्या चेंडूची स्कोअरमध्ये काय नोंद आहे?" मी विचारलं. "काहीच नाही. कारण काही घडलंच नाही. तिने घडू दिलं नाही."

"मी होतो तिथे," ते म्हणाले. "पण एका चेंडूवर कुणाला भिंतीवर घेत नाहीत."

एका जपानी सभासदाने आपाची बाजू घेतली, आणखी दोघांनी हंगाम मोजून त्या पुणेकर गृहस्थांची री ओढली, अध्यक्षांनी नियम वाचून दाखवला. मतदान झालं. आपाला एक मत कमी पडलं.

तिला सांगायचं काम माझ्यावर आलं. मी फोन उचलणार तेवढ्यात पुणेकरांचाच फोन आला. "मी येतो तुमच्याबरोबर," ते म्हणाले. "नकार माझा होता. तो त्यांना दुसऱ्याच्या तोंडून कळू नये."

खरं सांगायचं तर मला ते नको होतं. पण त्या एका वाक्याने हा माणूस मला आणखी आवडला.

आपाचं गोदाम आमच्या सरावाच्या गोदामापासून दोन गल्ल्या सोडून आहे. आत शिरलं की हळदीने नाक भरून येतं. तिने आम्हाला ऑफिसात बसवलं, बिनदुधाचा सुलेमानी चहा मागवला. मी बातमी सांगितली. तिने समोरची हिशोबाची वही मिटली. मग म्हणाली, "वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? मला वाटलं होतं, होईल."

पुणेकरांनी घसा खाकरला. "माझं मत विरोधात होतं, आपा. कारण सांगू?"

"सांगा ना. त्यासाठीच आलात."

त्यांनी सांगितलं. जे बैठकीत बोलले होते तेच, एक शब्द गाळला नाही की मऊ केला नाही. आपाने मध्ये तोंड घातलं नाही.

"बॅटिंग माझी खराबच होती," ती म्हणाली. "त्यात तुमचं काही चुकलं नाही. हंगाम कमी, तेही बरोबर. पण दादा, तुम्ही कधी मागे बसलात का?"

"कॅचर म्हणून? नाही."

"मग एकदा बसा. मत बदला असं नाही म्हणत मी. नकार द्या ना, पुढच्या वर्षीही द्या. फक्त बसून द्या."

हे सगळं ती हसत बोलली नाही आणि रागानेही नाही. एखाद्या व्यापाऱ्याने माल उघडून दाखवावा तसं बोलली. तेवढ्यात तिचे मियाँ आत आले. त्यांना सगळा प्रकार कळल्यावर ते म्हणाले, "बरं झालं की. आपल्याकडे भिंतीवर फोटो गेलेल्या माणसांचा लावतात." त्यावर मात्र आम्ही चौघेही हसलो.

पुणेकर शब्दाचे पक्के निघाले. पुढच्या सरावाला त्यांनी पॅड मागून घेतले. पोटावरचा पट्टा लागेना, तो मी मागून ओढून बांधला. आपा बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. "टाचा टेकू नका," तिने सांगितलं. "उजवा हात पाठीमागे लपवा, नाहीतर अंगठा जाईल."

पहिले काही चेंडू त्यांनी धरले. मग फलंदाज उभा केला आणि सगळं बदललं. बॅट डोळ्यांसमोरून फिरते तेव्हा माणूस डोळे मिटतो, ते थांबवता येत नाही. जमिनीवर आपटलेल्या चेंडूला आडवं जायच्या ऐवजी ते तोंड फिरवायला लागले. थोड्याच वेळात त्यांना उठवून उभं करायला दोघं लागले. अंगठा सुजलाच होता.

"आता सांगा," मी चेष्टेने म्हणालो.

"आत्ता नाही," ते म्हणाले. "आत्ता मला फक्त दुखतंय. दुखण्यावर मत द्यायचं नसतं."

त्या हंगामात त्यांनी सामने बघायची जागाच बदलली. आधी ते पहिल्या बेसजवळ बसत. आता जाळीच्या मागे, कॅचरच्या पाठीशी बसत, आणि अधूनमधून शेजारी बसलेल्या आपाला काहीतरी विचारत. ती कधी उत्तर द्यायची, कधी नुसती मान हलवायची. मी दुरून बघायचो. ज्याने आपल्याला नाकारलं त्याच्या शेजारी बसून त्याच्या शंका फेडणं हे मला जमलं नसतं.

पुढच्या वर्षी पुन्हा तीच बैठक, तेच उपाहारगृह. या वेळी मी नाव मांडायच्या आधीच पुणेकर बोलायला उभे राहिले.

"बॅटिंगसाठी विचाराल तर मी आजही नाहीच म्हणेन," ते म्हणाले. "पण मी त्यांची बॅटिंग तपासत बसलो आणि त्या होत्या कॅचर. त्या मागे असताना आपले पिचर बिनधास्त खाली, फलंदाजाला अवघड जाईल असा चेंडू टाकायचे, कारण मागे जाणार नाही याची खात्री होती. हे मला मागच्या वर्षी दिसलं नव्हतं. माझं मत त्यांना."

एवढंच बोलून ते बसले. मतदान पटकन आटोपलं. या वेळी कुणीच हात खाली ठेवला नाही.

फोटो लावायच्या दिवशी आपा मियाँ, सासूबाई आणि मुलांना घेऊन आली. मुलं इंग्रजीत एकमेकांना काहीतरी सांगत होती, सासूबाई त्या जाळ्या आणि दिव्यांकडे बघत होत्या. पडदा सरकवला तर फोटोत आपा मास्क लावून बसलेली, चेहरा दिसतच नव्हता. अध्यक्ष ओशाळले. म्हणाले, दुसरा फोटो लावू, उद्याच बदलू.

"नको, राहू द्या," आपा म्हणाली. "मी अशीच तर बसायचे."

मग तिला बोलायला सांगितलं. देशात आणि इथे मी पुष्कळ सत्कार पाहिले आहेत. सत्कारमूर्ती हात जोडतो, मी तर निमित्तमात्र म्हणतो, माझी लायकी नाही म्हणतो. आपा हिंदीत बोलली, सगळ्यांना कळावं म्हणून. मला हे हवं होतं, ती म्हणाली. गेल्या वर्षी मिळालं नाही तेव्हा वाईट वाटलं होतं. मला वाटतं मी याच्या लायक आहे, आणि आज तुम्हालाही तसं वाटलं याचा मला आनंद झाला.

आणि ती सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसली. टाळ्या वाजायला थोडा वेळ लागला, कारण भाषण एवढ्यात संपेल असं कुणाला वाटलं नव्हतं. पहिली टाळी पुणेकरांची होती.