बंद टॉवरशेजारची तार

मी मीटरचा काटा हलला तरच मानणारा माणूस. नातेवाइकांत भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा टाकायला जायचो. त्यात सव्वीस वर्षं रेडिओच्या ट्रान्समीटरवर टेक्निशियन... आवाज कुठून निघतो, कसा जातो आणि कुठे संपतो, हे ओळखण्यावरच माझं पोट होतं. म्हणून तर हे लिहायला दीड वर्ष घेतलं.

आमचं प्रक्षेपण केंद्र नाशिकहून सिन्नरकडे जाताना, हायवे सोडून आत चारेक किलोमीटरवर होतं. माळरान, एक बैठी इमारत आणि मधोमध शंभर मीटरहून उंच लोखंडी मास्ट. गावकरी त्याला टॉवर म्हणत. लोकांना वाटतं टॉवरच्या टोकाला काहीतरी बसवलेलं असतं आणि त्यातून कार्यक्रम जातो. मीडियम वेव्हचं तसं नसतं. अख्खा मास्टच अँटेना. चिनीमातीच्या जाड इन्सुलेटरवर तो उभा असतो आणि चालू असताना पायापासून शेंड्यापर्यंत जिवंत असतो. वर कावळा खुशाल बसेल. पण जमिनीवर उभं राहून माणसानं हात लावला की संपला. मास्टच्या पायापासून चहूकडे जमिनीखाली तांब्याच्या तारा पुरलेल्या. त्या पुरायला गावातलीच माणसं मजुरीनं आली होती. त्यातले एक नामदेवभाऊ. त्यांचं शेत आमच्या कंपाउंडला लागूनच.

आता मुद्द्याची गोष्ट. एवढ्या जवळ, एवढ्या पॉवरला, गंजलेलं लोखंडसुद्धा बोलतं. तारेच्या कुंपणाचा एखादा गंजका जोड रेडिओचं काम करतो आणि बारीक, चिरका आवाज येतो. नामदेवभाऊंच्या विहिरीजवळच्या काटेरी तारेवर बाजारभाव ऐकू यायचे. नवीन माणूस घाबरायचा, मी त्याला शास्त्र समजावून सांगायचो. फार रुबाबात सांगायचो, खोटं कशाला बोलू!

एकदा आमच्या शेतीच्या कार्यक्रमात नामदेवभाऊंची मुलाखत झाली. विषय कारल्याचा मांडव. त्या संध्याकाळी ड्युटी माझीच होती, मॉनिटरच्या स्पीकरवर मी पूर्ण ऐकली. नेमक्या त्या वेळी त्यांची बायको, हिराबाई, बाळंतपणाला माहेरी निफाडकडे होत्या आणि तिथला त्यांच्या भावाचा रेडिओ दुरुस्तीला. पुढे मुलाखतीच्या टेपवर दुसरंच काही रेकॉर्ड झालं. "तू सोडून सगळ्या जिल्ह्यानं ऐकलं," असं नामदेवभाऊ हिराबाईंना जन्मभर चिडवत.

नामदेवभाऊ गेले. त्यानंतर दोन वर्षांनी आमचं मीडियम वेव्ह बंद झालं. शेवटचा स्विच मीच पाडला. वीज तोडली, ट्रान्समीटर सुटे करून ट्रकमधून नेले. उरला फक्त मास्ट, तोही पुढे पाडायचा ठरलेला. मी निवृत्त होऊन नाशिकरोडला घरी बसलो.

आणि एके दिवशी संदीपचा फोन आला. नामदेवभाऊ आणि हिराबाईंचा मुलगा; वडिलांना तो दादा म्हणायचा. सिन्नरला कारखान्यात सुपरवायझर, राहायला नाशिकला फ्लॅटमध्ये.

"काका, आई म्हणते तार अजून बोलते. रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसते... दादांशी बोलते म्हणे. डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीय मी. शेत देऊन टाकतो आणि तिला इकडं आणतो. पण ती ऐकत नाही. तुम्ही सांगितलं तर ऐकेल. टॉवर बंद आहे, आवाज येऊच शकत नाही, एवढंच सांगा."

"सांगतो की," मी म्हणालो. मला त्यात काहीच अवघड वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाचच्या सुमारास पोचलो. आधी सवयीनं केंद्रात डोकावलो. मीटर रूमच्या भिंतीवर नुसती भोकं. मास्टच्या पायाशी गेलो, सोबत आणलेला मीटर लावला – शून्य. मग कुंपणाच्या तारेला लावला. शून्य.

हिराबाई विहिरीजवळ गोणपाटावर बसल्या होत्या.

"या गांगुर्डे भाऊ. संदीपनं धाडलं ना तुम्हाला?"

"हो वहिनी."

"माझं डोकं फिरलंय म्हणतो त्यो."

"तसं नाही वहिनी... टॉवर बंद आहे. मीच बंद केला. आता तारेत काही येणं शक्यच नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. "जरा दम खा. पाणी प्या."

मी तांब्या तोंडाला लावला. ऊन उतरलं होतं. आणि तारेच्या जोडातून तो ओळखीचा चिरका आवाज आला.

मी आधी मनातल्या मनात हसलो. दुसरं कुठलं तरी केंद्र असणार. मग शब्द लागले. "...मांडवाला बांबू घ्यावा, पण कोवळा नाय घ्यायचा..." आवाज नामदेवभाऊंचा. मुलाखतच ती. फक्त प्रश्न विचारणारा आमचा निवेदक त्यात नव्हता. उत्तर, मग शांतता, मग पुढचं उत्तर. मी मीटर पुन्हा लावला.  शून्यच.

पुढच्या शांततेत हिराबाई तारेकडे बघून, अगदी घरात विचारावं तशा म्हणाल्या, "जेवलात का?"

दोन-तीन सेकंद गेले असतील.

"नंतर. पाणी चालू हाय."

हे मुलाखतीत नव्हतं. मी शपथेवर सांगतो, नव्हतं. आणि तारेतून पुन्हा आवाज आला, "कोण आलंय?"

"गांगुर्डे भाऊ आलेत."

"बसा म्हणावं."

मी बसलो. पळून जायचं सुचलंच नाही. बांधावर बसून मी त्या तारेकडे बघत राहिलो. हिराबाई पदरानं तोंड पुसत होत्या, पण रडत नव्हत्या.

तेवढ्यात बांधावर मोटारसायकल थांबली. आवाजही थांबला. संदीप आला. "सांगितलंत का काका?"

 "संदीप, आईला काही झालेलं नाही. डॉक्टर राहू दे."

"म्हणजे?"

"मी पण ऐकलं."

तो संतापला. "तुम्हाला कशाला बोलावलं होतं मी? समजवायला ना!" तरातरा तारेपाशी गेला, गुडघ्यावर बसून जोडाला कान लावला. बराच वेळ. काहीच आलं नाही. पाखरं घरट्यांकडे परतत होती, तेवढाच काय तो आवाज.

तो वळला तेव्हा चेहऱ्यावर राग नव्हता. लहान पोरासारखा दिसत होता. "मला का नाही येत ऐकू?"

हिराबाई म्हणाल्या, "तू काही इचारलंच नाय त्यांना."

 तो मान खाली घालून गाडीकडे गेला. जाताना मला म्हणाला, "अंधार पडायच्या आत निघा, काका."

महिन्याभरानं मास्ट पाडला. मी बघायला गेलो नाही. या काळात जेवढी कारणं सुचली तेवढी तपासली. दुसरं मीडियम वेव्ह केंद्र इतक्या जवळ नाही. एफएमचा आवाज तारेत असा निघत नाही. टेप राहिली नव्हती. माझ्या कानांची तपासणी केली, मनाचीही केली... डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहात. जुन्या सहकाऱ्यांना विचारलं, तर दोघं हसले आणि तिसऱ्यानं विषयच बदलला.

गेल्या दिवाळीत संदीपला फोन केला. हिराबाई शेतावरच आहेत. संदीपनं शेत विकलं नाही. शिफ्ट बदलून घेतली आणि संध्याकाळी तिकडेच असतो म्हणाला. कारल्याचा मांडव घालतोय.

मी भीतभीत विचारलं, "तार... अजून?"

 

"काका," तो म्हणाला, "मी विचारलं दादांना. एकदाच. उत्तरही आलं. पण ते तुम्हाला सांगणार नाही."

मी फोन ठेवला. तुमच्यापैकी कुणाला यातलं शास्त्र माहीत असेल तर जरूर कळवा. मला माहीत होतं तेवढं सगळं लावून पाहिलं. काटा शून्यावरच आहे, आणि तो आवाज मी ऐकलाय.