मधली कवाडं

आमच्या गल्लीतल्या आबांना गर्दीत रिकामी जागा दिसायची. बारामती-इंदापूर गाडीवर त्यांनी आयुष्यभर कंडक्टरकी केली होती. निवृत्तीनंतर लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते ओरडत, "पुढं सरका, आत जागा हाय!" आणि आश्चर्य म्हणजे जागा निघे.

इंदापूरच्या जुन्या पेठेतली आमची घरं सागवानी, एकमेकांना टेकलेली. गल्ली एका टोकाला बंद आणि इतकी अरुंद, की आगीचा बंब तोंडाशीच थांबावा. पूर्वी मात्र घराघरांमधल्या भिंतींत कवाडं होती. विरजण, निरोप आणि चहाड्या त्यांतूनच जात. मग वाटण्या झाल्या, अबोले झाले, कवाडांपुढे कपाटं आली. ती हलवायचा आबांनी ध्यास घेतला. "आग लागली तर गल्लीतनं न्हाय, घराघरातनं निघायचं."

एकेकाला पटवून त्यांनी कपाटं हलवली आणि दर शुक्रवारी दुपारी सराव सुरू केला.

"आबा, तिकीट काढायचं का?" शांतामावशी विचारी.

"तुमाला डबल. तुमी परत्येक सैपाकघरात उतरताय."

पेठेच्या वारसा जतनाचा समारंभही झाला. पाहुण्यांनी पेठ सुरक्षित असल्याचं जाहीर केलं. त्यांची मोटार तेवढा वेळ गल्लीच्या तोंडात आडवी उभी होती.

सुरक्षित काही नव्हतं. गल्लीतलं शेवटचं घर आबांच्या थोरल्या भावाचं, नानांचं. फक्त त्याचंच मागचं दार पलीकडच्या चौकात उघडे. दोघा भावांच्या घरांमधलं कवाड नानांनी वाटणीच्या वेळी विटांनी बुजवलं होतं. त्यामुळे सराव आबांच्या माजघरात येऊन थांबे आणि माणसं परत फिरत. आबा दर सणाला नानांच्या ओट्यावर जात.

"नाना, तेवढं भिंतीचं बगा की."

"तुझ्या गाडीत मला बसायचं न्हाय," नाना पेपरातून डोकं वर न काढता म्हणत.

एका दुपारी गल्लीच्या तोंडाशी प्लास्टिकच्या मालाचं गोदाम पेटलं. गल्ली काळ्या धुराने भरली, पुढची दारं उघडायची सोय राहिली नाही. आबांनी शिकवल्याप्रमाणे आम्ही एकेक घर ओलांडत आबांच्या माजघरात पोहोचलो. धूरही मागोमाग आला. आबा पहार घेऊन विटांना भिडले होते.

"नाना, तिकडनं ठोका!"

पलीकडे काहीच हालचाल नव्हती. आबा खोकत घाव घालत राहिले. बऱ्याच वेळाने पलीकडूनही घाव ऐकू आले. माणूस जाईल एवढं भगदाड पडलं, तेव्हा आबा बाजूला झाले. "आधी पोरं. मावशी, आज बघत बसू नका."

आम्ही सगळे चौकात निघालो. शेवटी आबांना नानांनी ओढून काढलं. सर्वांत जास्त धूर आबांच्याच छातीत गेला होता. पुण्याच्या दवाखान्यात थोडे दिवस काढून ते गेले.

शोकसभेत तेच समारंभाचे पाहुणे त्यागावर पुष्कळ बोलले. नानांना आग्रह झाला, तेव्हा ते उठले. "त्यो मागत होता, मी न्हाय म्हणत होतो," एवढं बोलून खाली बसले.

पुढे भगदाडाच्या जागी नवं कवाड करावं असं गल्लीने ठरवलं. सुतार माप घ्यायला आला. नाना त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले.

"चौकट बसव," ते म्हणाले. "कवाड नको."