पुंजारामच्या होडीची गळती

मे महिन्यात गोकुळचा फोन आला तेव्हा आई शहरात, पुंडलिकनगरच्या आमच्या गच्चीवर कुरडया वाळत घालत होत्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई, दगडाबाई. गोकुळ त्यांचा पुतण्या. नाथसागराच्या काठी, धरण झाल्यावर वसवलेल्या आमच्या गावात राहतो आणि मासेमारी करतो. पाच वर्षांपूर्वी मामंजी गेले, तेव्हापासून त्यांची होडी त्याच्याकडंच आहे.

फोन स्पीकरवर होता. गोकुळ म्हणाला, "काकू, होडीत लई पाणी भरतंय. दोन मिस्त्री आणून झाले, गळती काय घावंना. आता फायबरची घ्यावी म्हणतो. ही फोडून टाकू का? तुम्हाला इचारल्याबिगर हात लावणार नाय."

आईंनी कुरडयांच्या पिठाचा हात पदराला पुसला. "फोडू नको. काठावर वढून ठेव, मी येते."

"काकू, तुम्ही? या उन्हाचं?"

"मग काय पावसाचं येऊ? पावसात गळती सापडती व्हय रे?"

माझा नवरा कृष्णा वाळूजच्या कंपनीत, त्याला सुट्टी मिळेना. माझ्या शाळेला मात्र सुट्ट्या लागल्या होत्या. म्हणून मी निघाले त्यांच्यासोबत.

आईंचं सगळं आयुष्य त्या पाण्यानं बदललेलं. लग्न होऊन त्या गोदाकाठच्या जुन्या गावात आल्या तेव्हा घरची अठरा एकर काळी जमीन होती. दोन वर्षांत धरणाचं पाणी चढलं. गाव उठलं, जमीन गेली. नव्या गावात वाट्याला आलेलं रान मुरमाड होतं. माझे सासरे पुंजाराम पट्टीचे शेतकरी, पण पेरायचं काय आणि कुठं? शेवटी काठच्या भोई मंडळींकडून ते जाळं टाकायला शिकले आणि पैठणच्या एका मिस्त्रीकडून लाकडी होडी बनवून घेतली.

तो म्हातारा मिस्त्री वीस दिवस त्यांच्या अंगणात काम करत होता. आई त्याला भाकरी द्यायच्या आणि तिथंच बसून बघत राहायच्या. दोन फळ्यांच्या फटीत सूत कसं ठासायचं, राळ तेलात किती कढवायची, हे त्यांनी बघून बघूनच उचललं. मिस्त्रीनं जाताना त्यांना एवढंच सांगितलं होतं, "देखो बाई, पानी जां दिखता, वां से आताच ऐसा नै. फळी के नीचे से चलके आता."

मामंजींना धीर नव्हता. पाणी दिसलं की तिथं खिळा ठोकायचे, आणि त्या खिळ्यानं नवी फट पडायची. म्हणून होडी दुरुस्त करायचं काम आपोआप आईंकडं आलं. बाईमाणसानं होडीला हात लावायचा नसतो, असं पहिल्या वर्षी काहीजण म्हणाले. पुढच्या वर्षी तेच लोक आपापल्या होड्या दाखवायला घेऊन आले. पस्तीस-चाळीस उन्हाळे त्यांनी हे केलं. हे सगळं मला लग्नानंतर कानावर आलेलं. प्रत्यक्ष मी कधी बघितलं नव्हतं.

निघताना आधी आम्ही गुलमंडीत गेलो. आईंना राळ हवी होती. दुकानदारानं धूप घालायची असेल म्हणून छोटी पुडी बांधली. "दादा, देवाला नाय, होडीला पायजे. किलोभर द्या," आई म्हणाल्या. तो आमच्याकडं बघतच राहिला. मग त्यानं पोतं उघडलं. आईंनी एक खडा दातांत धरून बघितला, थुंकला आणि म्हणाल्या, "चांगलीये."

दुपार उतरताना गावात पोचलो. गोकुळनं होडी बाभळीच्या सावलीत दगडांवर चढवून ठेवली होती. आतून-बाहेरून सगळी डांबरानं काळीकुट्ट. आईंनी एक चक्कर मारली आणि गोकुळवर खेकसल्या, "आरं, हे काय लिंपून ठेवलंय? कुठं दुखतंय ते झाकून टाकलं की सगळं!"

"मिस्त्री म्हनला डांबर लावा, बंद हुईल."

"मिस्त्री गेला घरी. आता तू खरवड."

दुसरा अख्खा दिवस आम्ही डांबर खरवडलं. मी, गोकुळ आणि त्याची बायको शालू. आई दर हातभर जागेवर बोट फिरवून बघायच्या आणि "हितं राह्यलंय" म्हणायच्या. माझ्या तळहाताला फोड आले. शालूनं त्यावर हळद-तेल लावलं आणि मला म्हणाली, "वहिनी, तुम्ही खडू धरणाऱ्या, तुम्हाला काय सवय असणार."

तिसऱ्या दिवशी सकाळी आईंनी चुलीतली राख चाळून आणायला लावली. होडीच्या बाहेरच्या अंगाला, तळापासून काठापर्यंत, कोरडी राख पुसली. मग म्हणाल्या, "आता आत पाणी वता."

आम्ही घागरी भरभरून ओतत राहिलो. आई खाली उकिडव्या बसल्या होत्या, मान वाकडी करून. होडीत गुडघाभर पाणी झालं तसं बाहेरच्या पांढऱ्या राखेवर कुठं कुठं काळसर ओल उमटायला लागली. मागच्या सांध्याला एक बारीक रेघ. मधे दोन ठिपके. आणि पुढच्या टोकाशी, खाली, तळहाताएवढा डाग झरझर पसरला.

"पाणी तर मागं साठायचं!" गोकुळ म्हणाला. "आम्ही सगळे मागंच शोधत होतो."

"पुढनं शिरतंय आन् तळफळीखालून मागं जातंय," आई म्हणाल्या. "काढा पाणी."

त्या डागावर उरलेलं डांबर त्यांनी स्वतः खरवडलं. खालून पत्र्याचा एक तुकडा निघाला, तेलाच्या डब्याचा. बारा-पंधरा खिळे, सगळे वेडेवाकडे. आई त्या खिळ्यांकडं बघत राहिल्या.

"हे मी नाय केलेलं," त्या म्हणाल्या. "हे त्यांचं काम हाय."

गोकुळ खाली बघायला लागला. आईंनी पकडीनं एकेक खिळा उपसला. पत्रा निघाला, आणि फुटलेल्या फळीच्या भोकात कोंबलेला कापडाचा बोळा दिसला. त्यांनी तो हळूहळू ओढून काढला, पाण्यात खळबळला, दोन्ही हातांनी पसरला. निळं कापड, लाल काठ.

"माझं लुगडं," आई म्हणाल्या. "आरं गोकुळ, हे तर कालवडीनं खाल्लं म्हणून सांगितलं हुतं मला!"

मग गोकुळनं सांगितलं. माझ्या दुसऱ्या बाळंतपणाला, सोनियाच्या वेळी, आई शहरात आमच्याकडं आल्या होत्या. त्यानंतर नातवंडांपायी त्यांचा मुक्काम आमच्याकडंच जास्त राहिला आणि होडीचं काम त्यांच्या हातून सुटलं. ते दुष्काळाचं साल. धरण तळाला गेलेलं, जुन्या गावाची जोती पाण्याबाहेर डोकावत होती. मामंजींनी गोकुळला सोबत घेतलं आणि आपलं घर बघायला होडी काढली. पाण्याखालचा दगड दिसला नाही. होडी धडकली, फळी फुटली.

"काका म्हनले, तुझ्या काकूला कळलं तर मला जेवायला घालायची नाय. दोरीवर तुमचं लुगडं वाळत हुतं. तेच फाडलं. शपथ घातली मला, सांगू नको म्हणून."

आई आधी हसल्या. "त्या बिचाऱ्या कालवडीला मी काठीनं हाणलं की रे!" आणि मग पदर तोंडाला लावून त्या तिथंच, होडीला टेकून बसल्या. मामंजी गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, सगळं बघायचं होतं, त्यांना रडायला सवड मिळाली नव्हती. मी जवळ जाऊन बसले. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "ऊठ तनुजा, राळ चुलीवर ठिव. ऊन हाय तवर काम उरकू."

फुटलेल्या जागी गोकुळनं सागाचा तुकडा कापून बसवला. आईंनी त्याच्या चारी बाजूंनी तेलात भिजवलेलं सूत बोथट छिन्नीनं ठासलं. हातोडीचे टोले हलके, एका लयीत. वरून गरम राळ भरली. मागचा सांधा, मधले दोन ठिपके, सगळं तसंच. दोन दिवस होडी सावलीत वाळू दिली.

सहाव्या दिवशी होडी पाण्यात लोटली. अर्धा तास सगळे काठावर उभे. आत पाण्याचा थेंब नाही. गोकुळनं आईंना विचारलं, "काकू, येता का? जिथं धडकलो ती जागा दाखवतो."

आम्ही तिघं गेलो. बऱ्याच आत गेल्यावर गोकुळनं वल्हं थांबवलं आणि बांबू खाली सोडला. खट्ट करून दगडाला लागला. "हे तुमचं घर."

आईंनी पलीकडच्या टेकडीकडं बघितलं, मग सूर्याकडं, मग मागं वळून काठाकडं. "नाय रे. हे सरूबाईचं जोतं. टेकडीचं ते कानावाणी टोक आपल्या दारातून उजवीकडं दिसायचं. आपलं घर अजून पुढं." त्या कपाळाला हात लावून हसत सुटल्या. "जल्म त्या घरात काढला आन् ह्यांना सापडलं नाय बघ! दुसऱ्याच्या दारात जाऊन होडी फोडून आले!"

गोकुळनं होडी आणखी पुढं घेतली. त्या "हितं" म्हणाल्या तिथं बांबू सोडला, तर नुसता गाळ लागला. आई थोडा वेळ होडीच्या काठाला हात टेकून खाली पाण्यात बघत बसल्या. पाणी गढूळ होतं, काही दिसत नव्हतं. "हितं चूल हुती," त्या मला म्हणाल्या. "आन् जिथं तू बसलीस ना, तिथं शेळ्या बांधायचो."

परतताना त्या गोकुळला म्हणाल्या, "मागच्या सांध्याची फळी थकलीये. औंदा काढंल ती. पुढल्या उन्हाळ्यात बदलू."

"म्हंजे येणार तुम्ही?"

"येईन की. शालूला तवर सूत वळायला शिकव."

"तिला म्या कसं शिकवू? तुम्हीच शिकवा."

आईंनी माझ्याकडं वळून बघितलं. मग त्यांनी मला विचारलं, तुझ्या शाळेची सुट्टी अजून किती दिवस आहे?